कार्बनचा बाजार आणि बाभुळगावची काळी माती

बाभुळगाव तालुक्यातील शेतकरी कापूस, तूर आणि सोयाबीन पिकवतो. त्याचा माल काट्यावर मोजला जातो आणि भाव बाजारात ठरतो. परंतु आता शेतातून असाही एक माल विकता येईल असे सांगितले जात आहे, जो डोळ्यांना दिसत नाही आणि पोत्यात भरता येत नाही. तो माल म्हणजे कार्बन. महाराष्ट्रात काही कंपन्या यासाठी शेतकऱ्यांशी करार करू लागल्या आहेत. म्हणूनच हा व्यवहार नीट समजून घेणे आवश्यक आहे.

कार्बन क्रेडिट म्हणजे काय?

एक मेट्रिक टन कार्बन डायऑक्साइड, किंवा तितकीच उष्णता वाढविणारा अन्य वायू, वातावरणात जाण्यापासून रोखला अथवा वातावरणातून काढून घेतला, तर त्याबद्दल मिळणारे प्रमाणपत्र म्हणजे एक कार्बन क्रेडिट होय. धूर सोडणारा कारखाना ते विकत घेतो आणि आपल्या धुराच्या हिशेबातून तेवढा भाग वजा करतो. शेतात झाडे लावणे, नांगरट कमी करणे, मातीतील सेंद्रिय कर्ब वाढविणे, ही अशी क्रेडिट मिळविण्याची साधने आहेत. कापसाची वेचणी संपल्यावर उरणारी पऱ्हाटी उघड्यावर न जाळता कमी हवेत तापविली, तर बायोचार नावाचा कोळसा तयार होतो. तो मातीत मिसळला असता त्यातील बराचसा कर्ब दीर्घकाळ मातीतच टिकतो.

हा बाजार नवा नाही. १९९७ सालच्या क्योतो करारातून तो उदयास आला आणि भारतातील अनेक प्रकल्पांनी त्यात भाग घेतला. परंतु मुख्य ग्राहक असलेल्या युरोपातील मागणी आटली आणि २०१२ साली एका क्रेडिटचा भाव एका युरोच्याही खाली घसरला. २०१५ च्या पॅरिस कराराने या व्यवहाराला नवी चौकट दिली. एकच टन दोन देशांनी आपापल्या हिशेबात धरू नये, हे त्या चौकटीतील महत्त्वाचे तत्त्व आहे.

दोन बेटांचा धडा

या बाजाराच्या दोन बाजू दोन बेटराष्ट्रांच्या धोरणात स्पष्ट दिसतात. सिंगापूर हा ग्राहक. त्याने २०१९ मध्ये मोठ्या कारखान्यांवर कार्बन कर बसविला. २०२४ साली तो टनामागे २५ सिंगापूर डॉलर झाला आणि २०२६ साठी ४५ डॉलर ठरविण्यात आला. करपात्र उत्सर्जनापैकी जास्तीत जास्त ५ टक्के भागच परदेशी क्रेडिट घेऊन भरून काढता येतो. याचा अर्थ, उरलेला कर चुकत नाही.

पापुआ न्यू गिनी हा विक्रेता. त्याच्याकडे विस्तीर्ण जंगले आहेत आणि त्यांतील बहुतेक जमीन परंपरेने तेथील कुळांच्या मालकीची आहे. खाजगी कार्बन करारांविषयी तक्रारी वाढल्यावर तेथील शासनाने मार्च २०२२ मध्ये अशा नव्या करारांना स्थगिती दिली. नियम तयार करण्याचे काम हाती घेतले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये सिंगापूरशी अधिकृत करार केला. आधी धोरण, मग करार, हा त्यातील धडा आहे.

भारताचे पाऊल

ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि २८ जून २०२३ रोजी केंद्र शासनाने कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली. तिच्यानुसार सिमेंट, ॲल्युमिनियम, कागद अशा उद्योगांना उत्सर्जनाची मर्यादा घालून दिली जाते. शेतीसाठी मात्र हा मार्ग ऐच्छिक आहे. त्याची रूपरेषा केंद्रीय कृषी मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केली. ऐच्छिक व्यवहारात शेतकऱ्याचे रक्षण बहुतांशी त्याने सही केलेल्या कागदावरच अवलंबून असते.

सही करण्यापूर्वी

समजा, पाच एकरांत वर्षाला पाच टन कर्ब साठला आणि टनाला हजार रुपये मिळाले, तर एकूण रक्कम पाच हजार होते. मोजणी, तपासणी, नोंदणी आणि कंपनीचा वाटा त्यातूनच वजा होतो. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. परंतु हे उत्पन्न कापसाच्या भावाची जागा घेऊ शकत नाही, हे त्यावरून ध्यानात येईल.

म्हणून काही प्रश्न अवश्य विचारावेत. क्रेडिटची मालकी कोणाची? करार किती वर्षांचा? मध्येच जमीन विकली वा पीकपद्धती बदलली तर दंड कोणी भरायचा? भाव कोसळला तर तोटा कोणाचा? सातबारा एकाच्या नावे आणि शेत बटईने दुसऱ्याकडे असेल, तर राबणाऱ्याला काय मिळणार? आणि सारी पऱ्हाटी बायोचारच्या भट्टीत गेली, तर जिच्या घरची चूल त्याच पऱ्हाटीवर पेटते, त्या भूमिहीन भगिनीने सरपण कोठून आणावे? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही करारपत्रात सापडणार नाही. ते गावानेच ग्रामसभेत बसून ठरवावे लागेल.

ख्रिस्तसभेची शिकवण

दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली 'लौदातो सी' ह्या परिपत्रकाच्या १७१ व्या परिच्छेदात ह्याच व्यवहाराचा उल्लेख केला होता. कार्बन क्रेडिटची खरेदी-विक्री हा नव्या प्रकारचा सट्टा ठरू शकतो आणि काही देशांच्या अतिउपभोगाला ती पाठबळ देऊ शकते, असा इशारा त्यांनी दिला. हा इशारा शेतकऱ्याने मातीची निगा राखण्याविरुद्ध नाही. पैसे देऊन धूर सोडत राहण्याची मुभा घेणाऱ्यांसाठी तो आहे.

मातीतील कर्ब वाढला तर जमीन पाणी अधिक धरून ठेवते आणि पिकाला त्याचा आधार मिळतो. हा लाभ कोणत्याही बाजारावर अवलंबून नाही. क्रेडिटचे पैसे मिळाले तर ते त्यावरील भर समजावी. त्यांच्या आशेवर कर्ज मात्र काढू नये. करारपत्र मराठीतून मागावे, ते जाणकाराकडून वाचून घ्यावे आणि शक्यतो एकट्याने नव्हे, तर गटाने वाटाघाटी कराव्यात.