हत्ती पोसायचा की खेळ रचायचा?

व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपन्यांचा आकार आणि बजेट फुगत चालले आहे. पण स्टुडिओ मोठा झाला की खेळही मोठा होतो का? कोलकात्याच्या एका जुन्या स्टुडिओने आणि पुण्यातल्या दोन नव्या स्टुडिओंनी दिलेले हे उत्तर...

दक्षिण कोलकात्यातले टॉलीगंज म्हणजे बंगाली सिनेमाचे माहेरघर. विलायतेत शिकून आलेल्या बीरेंद्रनाथ सरकार या इंजिनियराने १९३१ साली इथे ‘न्यू थिएटर्स’ हा स्टुडिओ उभा केला. त्याचे बोधचिन्ह होते हत्ती, आणि थाटही हत्तीचाच! देवकी बोस, नितीन बोस, प्रमथेश बरुआ यांच्यासारखे दिग्दर्शक, रायचंद बोराल आणि पंकज मलिक यांच्यासारखे संगीतकार, कुंदनलाल सैगल यांच्यासारखा गायक-नट, अशी एकापेक्षा एक माणसे तिथे पगारावर होती. आपल्या दुर्गा खोटे ‘अयोध्येचा राजा’ गाजवून कलकत्त्याला गेल्या आणि १९३३ मध्ये न्यू थिएटर्सच्याच ‘राजरानी मीरा’त झळकल्या. ‘चंडीदास’, ‘देवदास’, ‘स्ट्रीट सिंगर’ अशा चित्रपटांनी या हत्तीला देशभर मान मिळवून दिला.

पण हत्ती दारात झुलतो तेव्हा त्याला रोज चाराही लागतो. चित्रपट चालो वा पडो, पगाराची तारीख चुकत नाही. पुढे मुंबईत नटांना चित्रपटागणिक मोठ्या रकमा मिळू लागल्या. सैगल १९४१ साली मुंबईला गेले. फाळणीने बंगाली चित्रपटांची अर्धी बाजारपेठ पूर्व पाकिस्तानात गेली. मग बिमल रॉय यांनीही मुंबईची वाट धरली आणि १९५५ च्या सुमारास न्यू थिएटर्सची चित्रनिर्मिती थंडावली.

योगायोग पाहा. त्याच १९५५ साली, ऑगस्टमध्ये, त्याच कलकत्त्यात ‘पथेर पांचाली’ प्रदर्शित झाला. दिग्दर्शक सत्यजित राय जाहिरात कंपनीत नोकरी करणारे. कॅमेरामन सुब्रत मित्र यांनी त्यापूर्वी चित्रपटाचा कॅमेरा चालवलेला नव्हता. पैशांसाठी राय यांनी विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढले, ग्रामोफोनच्या तबकड्या विकल्या, पत्नीचे दागिने गहाण ठेवले. काशफुलांच्या रानातले चित्रीकरण अर्धवट टाकून ही मंडळी परतली, तर पुन्हा जाईपर्यंत गुरांनी ती फुले फस्त केली होती! पुढच्या मोसमापर्यंत थांबण्यावाचून गत्यंतर नव्हते. शेवटी राज्य सरकारने हात दिला आणि सुमारे दीड लाख रुपयांत चित्रपट पुरा झाला. पुढच्याच वर्षी कान महोत्सवात त्याचा गौरव झाला.

एकाच शहरात, एकाच वर्षी हत्ती बसला आणि हरिण धावले. हा जुना हिशेब आज पुन्हा मांडण्याचे कारण मात्र सिनेमा नाही. कारण आहे आपल्या घरात मुले ज्याच्यापुढे तासन्‌तास बसतात, तो व्हिडिओ गेम!

पगारपत्रकाचे गणित

दुकानात नव्या गेमची किंमत पाच हजार रुपयांच्या घरात ऐकली की आई-वडिलांचे डोळे विस्फारतात. ‘एका खेळाला एवढे पैसे?’ हा प्रश्न रास्त आहे. पण तो खेळ बनवायला किती पैसे लागले, हे ऐकले तर डोळे आणखी विस्फारतील.

२०२३ साली अमेरिकेतल्या एका न्यायालयीन खटल्यात सोनी कंपनीची काही कागदपत्रे उघड झाली. गुप्त आकड्यांवर फिरवलेली काळी शाई पुरेशी गडद नव्हती, म्हणून जगाला ते वाचता आले. ‘द लास्ट ऑफ अस’ या गेमच्या दुसऱ्या भागाला सुमारे २२ कोटी डॉलर खर्च आला होता. त्या वेळच्या दराने हे झाले १,८०० कोटी रुपये! काम भरात असताना त्यावर सुमारे २०० माणसे राबत होती. ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ या दुसऱ्या गेमचा खर्च २१ कोटी डॉलरच्या पुढे आणि माणसे ३०० च्या आसपास.

एवढा पैसा जातो कुठे? सिनेमाप्रमाणे इथे सेट नाहीत, घोडे नाहीत, परदेशी चित्रीकरण नाही. गेमचा खर्च म्हणजे मुख्यतः माणसांचा पगार. समजा, एका स्टुडिओत २०० माणसे आहेत. पगार, जागा, वीज, यंत्रे धरून दरमहा दरडोई १० हजार डॉलर खर्च येतो. गेम तयार व्हायला पाच वर्षे लागली, तर बेरीज १२ कोटी डॉलर. जाहिरातीचा खर्च निराळाच.

पडद्यावर धावणाऱ्या घोड्याची आयाळ वाऱ्यावर खरी वाटावी, चिखलात पाऊल रुतावे, भिंतीवरच्या ओलीवर दिव्याचा उजेड चकाकावा, यासाठी प्रत्येक गोष्ट कुणीतरी बसून घडवावी लागते. यंत्रे सुधारली की बारकावे वाढतात, बारकावे वाढले की माणसे वाढतात आणि माणसे वाढली की पगारपत्रक लांबते. हे चक्र गेली तीस वर्षे फिरते आहे.

आणि इथेच खेळाच्या स्वरूपावर परिणाम होऊ लागतो. १,८०० कोटी पणाला लावणारा मालक नवी, अनोळखी कल्पना ऐकून घेईल का? तो म्हणणार, मागच्या वेळी जे खपले त्याचाच पुढचा भाग काढा. नाही तर जुना गाजलेला गेम नव्या रंगरूपात आणा. बाजारातल्या बड्या गेमच्या नावांपुढे दोन, तीन, चार, पाच असे आकडे दिसतात, ते यामुळेच.

एवढे करूनही खात्री नाहीच. सोनीचा ‘कॉन्कॉर्ड’ हा गेम २३ ऑगस्ट २०२४ रोजी बाजारात आला. त्यावर अनेक वर्षे काम झाले होते. खेळणारेच मिळेनात, म्हणून दोन आठवड्यांत, ६ सप्टेंबरला तो बंद करण्यात आला. थोड्याच दिवसांनी तो बनवणारा स्टुडिओही मिटला. २०२३ आणि २०२४ या दोन वर्षांत जगभरच्या गेम उद्योगात वीस हजारांहून अधिक लोकांच्या नोकऱ्या गेल्या.

एकट्याने घडवलेला राजपुत्र

नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी किंवा कचेरीत कॉम्प्युटर आला, त्यांना ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ नक्कीच आठवत असेल. पांढरे कपडे घातलेला तो राजपुत्र, तळघरातले सुळे, तलवारबाजी आणि साठ मिनिटांत राजकन्येला सोडवण्याची घाई!

हा गेम मुख्यतः एका तरुणाने घडवला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्याचे नाव जॉर्डन मेकनर. १९८५ मध्ये त्याने काम सुरू केले आणि १९८९ मध्ये गेम बाजारात आला. राजपुत्राची धाव खरी वाटावी म्हणून त्याने आपल्या धाकट्या भावाला पार्किंगच्या मोकळ्या जागेत पळायला, उड्या मारायला लावले, व्हिडिओ घेतला आणि त्यावरून एकेक हालचाल रेखाटली. संगीत दिले वडिलांनी. म्हणजे अगदी घरचे कार्य!

मेकनरच्या ‘ॲपल-२’ कॉम्प्युटरची स्मृती तुटपुंजी होती. राजपुत्राशी लढायला शत्रू हवा, असा आग्रह सहकाऱ्यांनी धरला, पण नव्या पात्राची चित्रे साठवायला जागाच उरली नव्हती. मग त्याने राजपुत्राचीच चित्रे उलटीपालटी करून त्यातून एक छायापुरुष निर्माण केला. राजपुत्र आरशातून उडी मारतो आणि त्याची सावली वेगळी होऊन त्याच्याच वाटेत काटे पेरते. शेवटी तलवार म्यान केली तरच ती सावली त्याच्यात पुन्हा विलीन होते. आपणच आपले शत्रू, ही त्या गेममधली सर्वांत सुंदर कल्पना जागा नव्हती म्हणून सुचली!

पुढे हा राजपुत्र युबिसॉफ्ट या बड्या फ्रेंच कंपनीकडे गेला. तिच्या कॅनडातल्या माँट्रियल स्टुडिओने २००३ साली ‘सँड्स ऑफ टाइम’ हा नवा अवतार काढला आणि तोही गाजला. एका तरुणाचा खेळ आता मोठ्या चमूचा झाला होता.

पुण्यातली दोन दारे

गोष्टीचा पुढचा भाग थेट पुण्यात घडतो. युबिसॉफ्टने २००८ मध्ये पुण्यात स्टुडिओ सुरू केला आणि २०१८ मध्ये मुंबईत दुसरा. इतर देशांतल्या स्टुडिओंना साहाय्य करणे, गेम तपासणे, तयार गेम वेगवेगळ्या यंत्रांवर चालते करणे अशी कामे पुण्यातली मुले करत. मग त्यांच्याकडे मानाचे काम आले : ‘सँड्स ऑफ टाइम’ नव्या रूपात घडवायचा. १० सप्टेंबर २०२० रोजी त्याची झलक जगाला दाखवण्यात आली.

झलक पाहून मात्र रसिकांनी नाके मुरडली. चेहरे जुनाट वाटतात, एवढ्या नामांकित गेमला हे शोभत नाही, अशी टीका झाली. जानेवारी २०२१ ची तारीख मार्चवर गेली, मग बेमुदत लांबली. मे २०२२ मध्ये काम पुणे-मुंबईकडून काढून माँट्रियलला देण्यात आले. तिथेही ते मार्गी लागले नाही. अखेर जानेवारी २०२६ मध्ये युबिसॉफ्टने हा गेम रद्द केल्याचे जाहीर केले. एकेकाळी एका तरुणाने जो राजपुत्र चार वर्षांत तुरुंगातून सोडवला, त्याला हजारो माणसांच्या कंपनीला सोडवता आले नाही!

त्याच पुण्यात ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ हे आणखी एक दार होते. २०१७ मध्ये अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयन मॉड यांनी हा चिमुकला स्टुडिओ सुरू केला. त्यांची नायिका होती राजी ही सर्कशीतली मुलगी. असुरांनी तिचा धाकटा भाऊ गोलू पळवला आहे आणि त्याला सोडवण्यासाठी दुर्गामाता तिच्या हाती शस्त्र देते. कथा सांगतात प्रत्यक्ष दुर्गा आणि विष्णू. भोवती राजस्थानी धाटणीचे वाडे, भिंतीवर बोलणारी चित्रे आणि मधेमधे सावल्यांच्या बाहुल्यांचा खेळ.

सुरुवातीला त्यांनी इंटरनेटवरून लोकवर्गणी मागितली. ती ठरलेल्या रकमेपर्यंत पोचली नाही. तरी मंडळी हटली नाहीत. पदरमोड करत काम चालू ठेवले, पुढे प्रकाशक मिळाला आणि १८ ऑगस्ट २०२० रोजी ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ प्रसिद्ध झाला. म्हणजे बड्या स्टुडिओची झलक येण्याच्या तीनच आठवडे आधी! त्या वर्षी ‘गेम अवॉर्ड्स’ या जगप्रसिद्ध सोहळ्यात पहिल्या पदार्पणाच्या पारितोषिकासाठी त्याला नामांकन मिळाले.

बाहुल्यांच्या सावल्या आणि भित्तिचित्रे कथा सांगायला का घेतली असतील? कलेचे प्रेम आहेच, पण हिशेबही आहे. बोलते, हलते, हुबेहूब चेहरे घडवायला शेकडो माणसे लागतात. सपाट सावलीला चेहरा लागत नाही. जिथे पैसा कमी पडतो तिथे आपली परंपरा अशी मदतीला धावून येते.

हत्तीचीही बाजू आहे

मग मोठे ते वाईट आणि छोटे ते चांगले, असे समजायचे का? तसे मुळीच नाही. ‘राजी’ खेळणाऱ्यांचीही तक्रार होती, की खेळ पाच-सहा तासांत संपतो आणि शेवट घाईचा वाटतो. चिमूटभर पैशात चिमूटभरच खेळ होतो. शिवाय ‘राजी’सारखा एक गेम दिसतो तेव्हा अर्ध्यावर मिटलेले कितीतरी छोटे स्टुडिओ दिसत नाहीत. दागिने गहाण ठेवणाऱ्या प्रत्येकाचा ‘पथेर पांचाली’ होत नाही.

आणि हत्तीचे उपकारही विसरून चालणार नाहीत. पार्श्वगायनाची पद्धत न्यू थिएटर्सने १९३५ च्या ‘धूप छाँव’मध्ये रुजवली. त्यासाठी लागणारी यंत्रे आणि जाणकार ठेवणे येरागबाळ्याचे काम नव्हते. आपल्या ‘प्रभात’चेही तसेच. कंपनी पन्नाशीच्या दशकात बंद पडली, पण तिच्याच जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. मोठे स्टुडिओ माणसे घडवतात. पुण्या-मुंबईच्या मुलांनी बड्या कंपनीत जे धडे गिरवले, तेही वाया जाणारे नाहीत.

फ्रान्समधल्या माँपेलिए गावच्या ‘सँडफॉल’ स्टुडिओचे उदाहरण इथे बोलके आहे. त्याचा संस्थापक आधी युबिसॉफ्टमध्येच नोकरीला होता. सुमारे तीस जणांचा मुख्य चमू आणि बाहेरच्या कारागिरांची मदत घेऊन त्याने ‘क्लेअर ऑब्स्क्युअर : एक्स्पिडिशन ३३’ हा गेम केला. २०२५ च्या ‘गेम अवॉर्ड्स’मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम गेमचा मान त्यालाच मिळाला. ना हत्ती, ना हरिण. या दोघांच्या मधलाही एक आकार असतो, आणि जाणकारांची नजर आता त्याच्यावर आहे.

मुलांच्या हाती काय द्यायचे?

घरातल्या मोठ्यांनी यातून काय घ्यावे? एक म्हणजे महागडा गेम आणि चांगला गेम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थोड्या पैशांत मिळणारे छोट्या स्टुडिओंचे खेळ मुलांबरोबर बसून एकदा पाहायला हरकत नाही. दुसरे म्हणजे, मुलगा किंवा मुलगी ‘मला गेम बनवायचे आहेत’ म्हणत असेल, तर बड्या कंपनीचे नाव ऐकून हुरळून जाऊ नये आणि छोट्या कंपनीचे नाव ऐकून घाबरू नये. तिथे एका माणसाच्या हाती किती काम येते, सुरू केलेले पुरे होते का आणि पगार किती महिने पुरेल, हे तीन प्रश्न विचारावेत.

सरकारबाबूंचा हत्ती बसला, तरी त्याच्या पाठीवरून उतरलेली माणसे मुंबईत जाऊन ‘दो बिघा जमीन’ करू शकली. स्टुडिओ येतात आणि जातात. हातातली कला मात्र माणसाबरोबर पुढच्या दारी चालत जाते.