इलाजाच्या गोळीचीच सवय लागली तर?

‘‘सर, गर्द सुटावं म्हणून डॉक्टरांनी गोळी दिली. आता ही गोळीच सुटली नाही तर? एक नशा जाऊन दुसरी घरात आली, असंच ना?’’

पालकसभा आटोपल्यावर एका आईने हा प्रश्न विचारला. थोरला मुलगा पुण्याला कामाला होता, तिथे संगत लागली. केंद्रात दाखवले, गोळी सुरू झाली, पोरगा झोपू लागला, जेवू लागला. मग कुणीतरी घरी येऊन सांगितले, ‘त्या गोळीतही अफूच असते, जन्मभर खावी लागेल.’ आईने ते पाकीट कपाटात ठेवून कुलूप लावले.

ही भीती वेडगळ नाही. मालेगावकडे ज्यांचे नातेवाईक आहेत त्यांना ‘कुत्ता गोळी’ हे नाव ठाऊक असेल. अल्प्राझोलाम नावाचे ते औषध मुळात घबराटीच्या आजारासाठी डॉक्टरच लिहून देतात. कोडीन असलेले खोकल्याचे सिरपही तसेच. १ मार्च २०१४ पासून ही औषधे ‘एच-वन’ यादीत आहेत. चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, विकली तर रुग्णाचे आणि डॉक्टरचे नाव वहीत लिहायचे, आणि ती वही तीन वर्षे जपायची. कायदा असा असूनही पोरांच्या खिशात पाकिटे सापडतात. ज्या मोहल्ल्याने मेडिकलमधल्या गोळ्यांपायी पोरे वाया जाताना पाहिली, तो मोहल्ला दुसऱ्या गोळीकडे संशयाने बघणारच. फक्त सगळ्या गोळ्या एकाच माळेचे मणी समजू नयेत.

शरीराला एखाद्या औषधाची सवय होणे वेगळे आणि व्यसन वेगळे. फिट्सच्या गोळ्या, स्टेरॉइड, रक्तदाबाची काही औषधे एकदम बंद केली तर त्रास होतो. म्हणून ती घेणाऱ्या दादीला आपण व्यसनी म्हणत नाही. व्यसनी माणूस आणखी आणखी मागतो, त्यासाठी खोटे बोलतो, बहिणीच्या कानातले विकतो, कामधंदा सोडतो आणि नुकसान डोळ्यांसमोर दिसत असूनही थांबू शकत नाही. त्या आईला मी एवढेच विचारले, की गोळी सुरू झाल्यापासून मुलगा घराकडे येतोय की घरापासून लांब जातोय?

आता एकेक गोळी पाहू. पहिला आठवडा सर्वांत नाजूक, आणि नेमका तिथेच घरचे लोक उलटे समजतात. गर्द बंद झाल्यावर येणारी ‘टर्की’ दिसायला भयंकर असते. अंग मोडून येते, नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, जुलाब, उलट्या होतात, पोरगा भिंतीवर डोके आपटतो. पण एरवी धडधाकट असलेल्याच्या जिवावर ती सहसा बेतत नाही. वर्षानुवर्षे रोज दारू पिणाऱ्याची दारू एकदम तोडली, तर मात्र पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काही जण भ्रमात जातात, नसलेली माणसे दिसू लागतात, आणि वेळेवर उपचार नसेल तर माणूस दगावतो. कुत्ता गोळी एकदम बंद केल्यावरही फिट येऊ शकते. त्यामुळे खोलीत कोंडून, कडी लावून तौबा करवून घेणे हा इलाज नव्हे.

दारू सोडवताना डॉक्टर क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम किंवा लोराझेपाम देतात, सोबत थायमिन म्हणजे बी-वन जीवनसत्त्व. यातल्या पहिल्या तिन्ही गोळ्या कुत्ता गोळीच्याच कुळातल्या आहेत. त्या खरोखर सवय लावतात. म्हणूनच त्या साधारण आठ-दहा दिवसांत, मात्रा उतरवत बंद करायच्या असतात. दोन महिने झाले तरी जुन्याच चिठ्ठीवर तीच गोळी येत असेल, तर आईची भीती शंभर टक्के खरी आहे. ज्या बहिणी स्वतः ‘झोपेची साधी गोळी’ म्हणून हे औषध वर्षानुवर्षे घेतात, त्यांनीही हे वाचून ठेवावे. आणि वाचले म्हणून उद्यापासून एकदम बंदही करू नये. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवड्या-आठवड्याला थोडी थोडी उतरवतात.

त्या आईच्या कपाटातली गोळी वेगळी होती. तिचे नाव ब्युप्रेनॉर्फिन, आणि त्यात नॅलॉक्सोन मिसळलेले. मामा म्हणतात ते अर्धे खरे आहे. ही गोळी अफूच्या कुटुंबातलीच. मेंदूत गर्द जिथे जाऊन बसते, त्याच जागी ती बसते. पण ती जागा अर्धवटच चालू करते. ठराविक मात्रेपुढे तिचा असर वाढत नाही, त्यामुळे श्वास बंद पडण्याचा धोका गर्दपेक्षा बराच कमी. असर हळू चढतो आणि दिवसभर टिकतो, म्हणून टर्की येत नाही आणि मात्रा बरोबर असेल तर नशाही चढत नाही. वरून गर्द घेतली तरी तिला बसायला जागा उरत नाही. नॅलॉक्सोन कशासाठी? गोळी जिभेखाली ठेवली तर त्याचा जवळपास काही असर होत नाही. कुणी ती विरघळवून सुईने टोचली तर मात्र टर्की लागते. गैरवापर करणाऱ्यासाठी गोळीतच ठेवलेला पहारेकरी म्हणा. तरी ती गल्लीतल्या मेडिकलमधून आणण्याची वस्तू नाही. नेमलेल्या केंद्रातून, नोंद करून मिळते.

शरीराला या गोळीची सवय होते का? होते. एकदम बंद केली तर त्रास होतो का? होतो, गर्दपेक्षा सौम्य पण लांबलेला. हे लपवण्यात अर्थ नाही. तरीही जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये हे औषध आणि त्याच कामाचे मेथाडोन अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातले, त्याला कारण आहे. फ्रान्समध्ये साध्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही ही गोळी लिहून देण्याची मुभा मिळाली, आणि १९९५ ते १९९९ या काळात अतिमात्रेने होणारे मृत्यू सुमारे ७९ टक्क्यांनी घटले. एवढी पोरे आपल्या आयांना परत मिळाली.

गोळी लवकर तोडण्याचा धोका तर कुणी सांगतच नाही. महिना-दोन महिने गर्दपासून दूर राहिलेल्या शरीराची पूर्वीची सहनशक्ती संपलेली असते. अशा वेळी गोळी तोडली, तलफ उसळली, आणि पोराने सवयीने जुनीच पुडी पूर्ण ओढली किंवा टोचली, तर श्वास थांबू शकतो. केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे यामुळेच जीवघेणे ठरतात. म्हणून हा इलाज पंधरा दिवसांचा नसतो. अनेकांना वर्षभर, काहींना त्याहून जास्त लागतो, आणि काही जण दीर्घकाळ थोड्या मात्रेवर राहून नोकरी करतात, संसार करतात. कधी उतरवायची हे डॉक्टर आणि मुलगा मिळून ठरवतील. मामांनी ठरवू नये.

नाल्ट्रेक्सोनची सवय लागतच नाही. ती मेंदूतली तीच जागा कुलूपबंद करते. पण शेवटच्या पुडीनंतर किमान सात ते दहा दिवस गेल्याशिवाय ती द्यायची नाही, नाहीतर जबर टर्की लागते. दारूची तलफ कमी करायलाही ती वापरतात.

डायसल्फिरामचीही सवय लागत नाही. हेल्ड आणि याकोबसेन या दोन डॅनिश संशोधकांनी १९४० च्या दशकात जंतांवर इलाज शोधताना हे औषध स्वतः घेऊन पाहिले, आणि दारूचा घोट घेतल्यावर तोंड लाल, डोके जड, उलटी! शरीर दारू पचवताना मध्येच तयार होणारे विष हे औषध अडवून धरते. डॉक्टर ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने देतात. आपल्याकडे मात्र ‘पेशंटला न कळता दारू सोडवा’ म्हणून जाहिराती असतात, आणि बायका ती पावडर कालवणात मिसळतात. अशा पुड्यांत कधी हेच औषध असते. नवऱ्याला माहीतच नाही, तो संध्याकाळी पिऊन येतो, रक्तदाब कोसळतो. हृदयाचा त्रास असलेला माणूस यात जाऊ शकतो. एकीकडे डॉक्टरांच्या गोळीला घाबरायचे आणि दुसरीकडे नाव नसलेली पावडर खीरमध्ये घालायची, हे मला कधी समजले नाही. औषध बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत असर राहतो. या काळात अल्कोहोल असलेले टॉनिक, सिरप आणि फवाऱ्याचे सेंट टाळावे. तेलातले साधे अत्तर चालते.

एमडीबद्दल थोडेच सांगतो, कारण त्यावर अशी कुठली ‘बदली गोळी’ नाहीच. समुपदेशन, झोप, सोबत, आणि उदासी किंवा संशयाचा आजार जडला असेल तर त्याचे औषध. ‘एमडी छुडाने की दवा’ विकणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

गोळी एवढे करते की टर्की आणि तलफ खाली बसवते. पुढचे काम माणसांचे. आपल्या महाराष्ट्रात हे काम पुण्यात येरवड्याला उभे राहिलेले दिसते. अनिल अवचटांनी गर्दवर लेखमाला लिहिली, ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला, आणि येरवडा मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण सुरू केले. तिथे पहिले काही दिवस शरीरातले विष उतरवण्याचे, आणि मग गटचर्चा, व्यायाम, कामे, घरच्यांशी बोलणे. मुक्काम साधारण पस्तीस दिवसांचा. काम करणाऱ्यांत स्वतः व्यसनातून बाहेर पडलेले अनेक जण आहेत. पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे, व्यसनी स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ विभाग आहे. स्त्रियांचा विभाग म्हटल्यावर आपल्याकडे भुवया उंचावतात. गरज आहे म्हणूनच तो आहे.

दीनदार घरांचा एक सवाल राहतो. ज्या गोळीत अफूचा अंश, ती हलाल कशी? फतवा देणे माझे काम नाही. आलिमांना विचारताना मात्र पूर्ण माहिती द्यावी, की ही गोळी आजारासाठी आहे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आहे आणि योग्य मात्रेत नशा आणत नाही. आजारावर इलाज करा ही शिकवण आपल्याला हदीसमधूनच मिळाली आहे. आणि दारूची मनाईसुद्धा टप्प्याटप्प्याने उतरली, हे मदरशातल्या लहान मुलालाही माहीत असते.

बदनामीच्या भीतीने लोक घरातच दडवतात. ‘लेकीचा रिश्ता मोडेल.’ २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसले की दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला काही ना काही उपचार मिळतो. कायदा मात्र रुग्णाच्या बाजूने आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाचा आजारही येतो. रुग्णाची माहिती गुप्त ठेवावी लागते आणि त्याला साखळीने बांधता येत नाही. कुठलेही केंद्र मारहाण करत असेल, साखळी लावत असेल, तर मूल तिथून ताबडतोब काढा. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, सेवनाचा किंवा थोडासा साठा बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार पूर्ण करत असेल तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते.

सुरुवात कुठून करायची? अकलूजच्या उपजिल्हा रुग्णालयात विचारा, सोलापूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे मोफत सरकारी क्रमांक आहेत, नाव न सांगताही बोलता येते. डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात: या गोळीचे नाव काय, हिची शरीराला सवय होते का, आणि ती कधी व कशी उतरवायची. उत्तर कागदावर लिहून मागा. गोळ्या घरात मोठ्यांच्या ताब्यात, लहान मुलांपासून लांब ठेवाव्यात, आणि रोजची एक हातात द्यावी.

रमजानबद्दलही विचारणा होते. ब्युप्रेनॉर्फिन बहुतेकांना दिवसातून एकदाच लागते, म्हणून शाबानमध्येच डॉक्टरांना सांगून वेळ इफ्तारनंतर सरकवता येते. गोळी जिभेखाली पूर्ण विरघळेपर्यंत पाणी पिऊ नये, गिळू नये. पाच-दहा मिनिटे लागतात, त्यामुळे मगरिबच्या नमाजनंतर निवांत बसून घेतलेली बरी. विरघळल्यावर चूळ भरावी, दातांना जपते. रोज्यासाठी म्हणून गोळीच बंद करायचा विचार कुणी करत असेल, तर आधी त्याच डॉक्टरांकडे जावे.