करमणुकीला वेळेचें बंधन

लातूरच्या ‘ट्यूशन एरिया’त किंवा नांदेडच्या शिकवणी-वर्गांच्या गल्ल्यांत दहावी संपतांच मुलें येऊन राहतात, कुणी उदगीरचें, कुणी किनवटचें, कुणी परभणी-हिंगोलीकडचें. खोलीचें भाडें, खानावळ आणि वर्गाची फी कित्येक घरीं सोयाबीनच्या पैशांतून भागते. वडील मुलाच्या हातीं मोबाईलही देतात, कारण वर्गाच्या सूचना, सराव-परीक्षा आणि शंकांचीं उत्तरें त्यावरच येतात. पण त्याच कांचेवर खेळही आहेत. दारूचें दुकान टाळावयाचें तर दुसऱ्या रस्त्यानें जातां येतें. येथें पुस्तकाचें दुकान आणि जुगाराचा अड्डा एकाच दाराआड आहेत.

मुलाला निग्रह नाहीं, असें म्हणून मोकळें होणें सोपें आहे. परंतु या वस्तूंची घडणच निराळी आहे. कादंबरीचें प्रकरण संपतें, नाटकाचा पडदा पडतो, मैदानावर अंधार होतो. मोबाईलवरील चित्रफितींच्या माळेला मात्र शेवटच ठेवलेला नाहीं. एक संपते न संपते तोंच दुसरी पुढें येते. ती आवडेल कीं नाहीं हें अनिश्चित असल्यामुळेंच बोट थांबत नाहीं. सोंगट्यांच्या पटावर हवें तें दान पडण्याची जी ओढ, तीच ही. शिवाय चार गडी मिळून खेळावयाच्या खेळांत एक मध्येंच उठला तर उरलेल्या तिघांचा डाव बिघडतो. आई जेवावयास बोलावते तेव्हां ‘पांच मिनिटें’ असें जें उत्तर येतें, तें दरवेळीं खोटें नसतें. म्हणून घड्याळ पाहून फोन हिसकावण्यापेक्षां ‘एवढा डाव, मग बंद’ असें आधींच ठरविलेलें बरें.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं मान्य केलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचींत या खेळांच्या विकाराची नोंद आहे. तो तासांवरून ठरत नाहीं. खेळावरील ताबा सुटणें, इतर सर्व कामें मागें पडणें, नुकसान दिसत असतांही खेळ चालूच राहणें, हीं लक्षणें साधारणतः बारा महिने दिसावीं लागतात. रविवारीं दोन तास खेळणाऱ्या मुलाला रोगी म्हणूं नये.

सरकारी बंदीनें काय साधतें? सप्टेंबर २०२० मध्यें पबजी बंद झाला, तो मुलांसाठीं नव्हे, तर देशाच्या सुरक्षेच्या कारणावरून. पुढच्याच वर्षीं तो नवें नांव घेऊन परत आला. २०२५ सालीं संसदेनें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा केला, तें योग्यच झालें. पण बिनपैशाचा खेळही झोप नेतोच.

गांवांनींही प्रयत्न केले आहेत. पैनगंगेपलीकडे पुसद तालुक्यांतील बान्सी येथील ग्रामसभेनें नोव्हेंबर २०२२ मध्यें अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईल-बंदीचा ठराव केला. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचे वडगांव येथें निराळी युक्ति निघाली. सायंकाळीं सात वाजतां देवळावरील भोंगा वाजावयाचा, आणि साडेआठपर्यंत घरोघर मोबाईल व टीव्ही बंद! मला दुसरा मार्ग अधिक पटतो, कारण त्यांत वडीलमाणसेंही बांधलीं गेलीं. ज्या घरांत वडील स्वतः ताटावर बसून चित्रफिती पाहतात, तेथें मुलाला नियम सांगण्याचें तोंड कुणाला उरतें?

लातूरच्या भाड्याच्या खोलींत भोंगा नाहीं आणि आईही नाहीं. तेथें नियम मुलाबरोबर बसूनच करावा लागेल, आणि तोही पहिल्या चाचणींत गुण घसरण्यापूर्वीं. रात्रीं दहानंतर मोठा फोन खोलींत नको. तो वसतिगृहाच्या कार्यालयांत किंवा घरमालकांकडे चार्जिंगला राहूं द्यावा. रात्रीं घरीं बोलण्यास साधा बटनांचा फोन पुरतो. पहांटे उठविण्याचें कामही मोबाईलला देऊं नये. नाहीं तर गजर बंद करतांना बोट पुन्हां तेथेंच जातें. त्यासाठीं एक गजराचें घड्याळ घेऊन द्यावें.