दरीतला सिग्नल आणि पवईतले व्याख्यान

बीड-मांजरसुंबा रस्ता सोडून आत वळले की बालाघाटच्या डोंगरात कपिलधार लागते. पावसाळ्यात इथे कड्यावरून धबधबा कोसळतो. मन्मथस्वामींची समाधी इथलीच, आणि कार्तिकी पौर्णिमेला तिच्या दर्शनासाठी लांबलांबून पायी दिंड्या येतात. संगणकांच्या जाळ्यांवर संशोधन करणाऱ्याने या जागेकडे नीट पाहिले, तर त्याला आपल्या विषयातले दोन जुने प्रश्न इथे एकत्र नांदताना दिसतील. एक म्हणजे रेडिओलहरींच्या वाटेत आडवा आलेला डोंगर. दुसरा म्हणजे एरवी मोजक्या माणसांच्या जागेत यात्रेच्या दिवसांत लोटणारी गर्दी. दोन्हींवर गेल्या चार दशकांत भरपूर काम झाले आहे, त्यातले काही आपल्या पवईच्या आयआयटीत. पण ते सांगितले जाते परिषदांच्या सभागृहांत, इंग्रजीतून, आणि बहुधा त्याच विषयातल्या लोकांना. ही व्याख्याने गावात, मराठीतून व्हायला हवीत असे माझे म्हणणे आहे. ते भाषेच्या प्रेमापोटी नाही. खेड्यातले जाळे टिकते की बंद पडते, हे तिथल्या माणसांना ते किती उमगले आहे यावर ठरते, असे हे संशोधनच सांगते.

आधी गर्दीचे पाहू. ऑक्टोबर 1986 मध्ये कॅलिफोर्नियात बर्कलीची प्रयोगशाळा आणि तिथले विद्यापीठ यांना जोडणाऱ्या जाळ्याचा वेग सेकंदाला 32 हजार बिटांवरून 40 बिटांवर कोसळला. दोन्ही ठिकाणांत अंतर जेमतेम चारशे यार्डांचे. संशोधक व्हॅन जेकबसन यांनी त्याची कारणे शोधली आणि 1988 साली ‘सिगकॉम’ परिषदेत मांडली. पाठवलेला मजकूर पोहोचल्याची पावती वेळेत आली नाही, की प्रत्येक संगणक तोच मजकूर पुन्हा पाठवत होता. त्याने कोंडी आणखी वाढत होती. उपाय असा, की मजकूर हरवला असे दिसताच पाठवणाऱ्याने आपण होऊन वेग निम्म्यावर आणायचा आणि मग हळूहळू वाढवत न्यायचा. वर कोणी पोलीस नाही, तरी वाहतूक चालू राहते. आजही इंटरनेट याच शिस्तीच्या पायावर उभे आहे. यात्रेत हे कळून काय उपयोग? बराच. टॉवरची हवेतली क्षमता सगळ्या फोनमध्ये वाटली जाते, हे एकदा लक्षात आले की हरवलेल्या माणसाची खबर व्हिडिओने द्यायची की दोन ओळींच्या संदेशाने, हे सांगावे लागत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मंदिर परिसरात वाय-फायवर चालणारा एक साधा संगणक ठेवला, तर हरवल्या-सापडल्याची यादी आणि मुक्कामाची माहिती बाहेरच्या इंटरनेटविनाही मिळू शकते. हा पर्याय आहे हेच ठाऊक नसेल, तर संयोजक तो मागणार कसा?

डोंगराचा प्रश्न जास्त चिवट आहे. पवईच्या आयआयटीत अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दूरदर्शनसाठी राखून ठेवलेल्या 470 ते 590 मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचा हिशेब मांडला, तेव्हा देशात जवळपास कुठेही गेले तरी 15 पैकी किमान 12 वाहिन्या रिकाम्या सापडल्या. या लहरी सुमारे अर्धा मीटर लांबीच्या. झाडोरा आणि उंचवटे त्यांना कमी अडवतात. म्हणून त्यांनी पालघर भागात खामलोलीच्या परिसरातली गावे या लहरींनी जोडून पाहिली. प्रयोग जमला, पण पुढे हा पट्टा सर्वांना परवान्याविना खुला झाला नाही. प्रकल्प गावे वाढवताना 5.8 गिगाहर्ट्झकडे वळला आणि ‘ग्राममार्ग’ या नावाने त्याला 2017 मध्ये मोझिला संस्थेच्या स्पर्धेतले सव्वा लाख डॉलरचे पहिले पारितोषिक मिळाले. 2018 च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने 5 गिगाहर्ट्झच्या आसपासचे 605 मेगाहर्ट्झ परवानामुक्तही केले. उपकरणे स्वस्त, परवाना नको. मात्र पाच-सहा सेंटिमीटरच्या या लहरींना दोन अँटेनांमध्ये अडथळा नसलेली सरळ वाट लागते. कपिलधारसारख्या दरीत त्याचा अर्थ असा, की माथ्यावर एक अँटेना बसवून तिथून खाली उतरायचे. माथ्यावरची ती जागा कोणाची, तिथे वीज कुठून आणायची, पावसाळ्यात वर कोण चढणार? यांची उत्तरे पवईत नाहीत.

उत्तरे न शोधता पुढे गेले की काय होते, हेही नोंदले गेले आहे. तामिळनाडूत अरविंद नेत्र रुग्णालयाने खेड्यांतली केंद्रे लांब पल्ल्याच्या वाय-फायने जोडली. बर्कलीच्या संशोधकांनी 2008 मध्ये त्या अनुभवावर निबंध वाचला. बिघाडांचे मोठे कारण रेडिओ नव्हते, खराब वीज होती. दाब मध्येच चढतो, मध्येच उतरतो आणि उपकरण जळते किंवा अर्धवट बंद पडून बसते. दुरुस्तीला शहरातला तज्ज्ञ येईपर्यंत दिवस जातात. जाळे तगले, ते तिथल्याच कर्मचाऱ्यांना शिकवल्यामुळे. बीड जिल्ह्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याला विजेच्या दाबाचे हे गणित नव्याने समजावायला नको. पंपाची मोटार जळणे म्हणजे काय हे त्याला पुरते माहीत आहे. पालघरच्या प्रकल्पानेही सरकार आणि खाजगी उद्योजक यांच्या जोडीला ग्रामपंचायतीला भागीदार केले होते, ते उगीच नाही.

यावर सरळ आक्षेप येतो: वीज वापरायला जनित्र कळावे लागत नाही, मग इंटरनेट वापरायला जाळे का कळावे? वापरणाऱ्याला खरोखरच नको. पण वीज द्यायला वायरमन असतो. माथ्यावरच्या अँटेनाला वायरमन कोण, हे अजून ठरलेले नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मोबाइल सर्वत्र पोहोचतोय, 2011 मध्ये मंजूर झालेली आणि पुढे ‘भारतनेट’ झालेली योजना ग्रामपंचायतीपर्यंत ऑप्टिकल फायबरचा तंतू नेते आहे, उपग्रहही येत आहेत. मग हा खटाटोप कशाला? तंतू हवाच. पण पंचायतीच्या कार्यालयात आलेला तंतू वाडीवर, शाळेत, देवस्थानात आपोआप जात नाही. शिवाय एका जेसीबीने केबल तोडली की पुढची गावे बंद, या अनुभवातूनच 2023 च्या सुधारित योजनेत रेषेऐवजी वलयाची रचना घ्यावी लागली. उपग्रहाला आकाश मोकळे लागते. खोल दरीत तेच अर्धे झाकलेले असते. म्हणजे कोणताही मार्ग निवडा, जागेची माहिती असणारा माणूस चर्चेत लागतोच.

एवढे कठीण विषय मराठीत सांगता येतील का, ही शंका मला तरी फारशी गंभीर वाटत नाही. अँटेना, राउटर, टॉवर, सिग्नल हे शब्द केव्हाच मराठी झाले आहेत. अडचण आहे ती व्याख्यात्याच्या सवयीची. आपले निष्कर्ष सहकाऱ्यांसमोर मांडले की प्रतिष्ठा मिळते. सरपंचासमोर मांडले तर बढतीच्या अर्जात त्याला रकाना नसतो.

तरीही सुरुवात अवघड नाही. कार्तिकीच्या पंधरा दिवस आधी दिवाळी असते, त्या सुट्टीत बीड-अंबाजोगाईची अभियांत्रिकी शिकणारी मुले गावी असतात. वक्त्याने स्लाइड कमी आणाव्यात आणि दोन अँटेना, एक व्होल्टमीटर जास्त. पहिला तास माथ्यावर घ्यावा, दुसरा खाली दरीत, म्हणजे डोंगर आडवा आल्यावर सिग्नल किती पडतो ते आकड्यात दिसेल. प्रश्नोत्तरांना मात्र परिषदेत असतात तशी पाच मिनिटे पुरणार नाहीत.