ऑर्गन घडविणारा लोहार

बंगळूरच्या किल्ल्यानजीक टिपू सुलतानाचा लाकडी वाडा आहे. गोऱ्या शिपायाच्या उरावर बसलेल्या एका वाघाची प्रतिकृती तेथे पाहावयास मिळते. मूळ लाकडी वाघ १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांच्या हाती लागला. आज तो लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्याच्या पोटात भाता, नळ्या आणि १८ खुंट्या असलेला लहानसा ऑर्गन बसविलेला आहे.

सुलतानाच्या दरबारी ऑर्गन वाजला, तो काही प्रथमच नव्हे. त्यापूर्वी दोनशे वर्षे, १५९९ साली, टॉमस डॅलम नावाचा इंग्रज कारागीर असाच एक ऑर्गन घेऊन इस्तंबूलला गेला होता.

आपल्या नाट्यगृहांतील पायपेटीत हवेने धातूची पट्टी कंप पावते. ख्रिस्ती देवळातील मोठ्या ऑर्गनमध्ये मात्र बहुतेक नळ्या बासरीप्रमाणे बोलतात, आणि एक नळी एकच स्वर देते. म्हणून अशा वाद्यास शेकडो नळ्या लागतात. ते घडविणाऱ्यास सुतारकाम, धातुकाम आणि स्वरज्ञान ही तिन्ही अवगत हवीत. डॅलम तर लंडनच्या लोहारांच्या संघाचा सभासद होता.

राणी एलिझाबेथच्या नावे तुर्की सुलतान तिसरा मेहमद यास द्यावयाच्या या नजराण्यात घड्याळ होते, आपोआप वाजणारा ऑर्गन होता आणि पंख हलवून गाणारे पक्षीही होते. सागरप्रवासात सरस सुटला, नळ्या चेपल्या. डॅलमने सारे पुन्हा जुळविले. सुलतानाच्या आज्ञेवरून त्याने त्याच्याकडे पाठ करून वाद्य वाजविले. मागून मस्तक उडते की काय, या धास्तीने तो अर्धमेला झाला होता! बक्षीस मिळाले ४५ सुवर्णनाण्यांचे. ही हकिकत त्याने स्वतःच लिहून ठेविली आहे.

मायदेशी परतल्यावर त्याने १६०५-०६ मध्ये केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात व १६१३ मध्ये वुस्टरच्या कॅथीड्रलात ऑर्गन उभारले. पुढे यादवी युद्ध पेटले. देवळातील वाद्यसंगीत कट्टर प्युरिटनांस अधर्म वाटे. १६४४ साली पार्लमेंटने ऑर्गन काढून टाकण्याचा हुकूम दिला. डॅलमचा पुत्र रॉबर्ट, तोही ऑर्गनकारच, त्यापूर्वीच कुटुंबासह फ्रान्सला गेला होता. राजसत्ता परतल्यावर, १६६० नंतर, तो स्वदेशी आला.

इस्तंबूलचा ऑर्गनही पुढच्या सुलतानाने फोडविला, असे सांगतात. टिपूचा वाघ मात्र जेत्यांनी विजयचिन्ह म्हणून जपला. वाद्य टिकते ते केवळ कारागिराच्या कौशल्याने नव्हे. ज्यांच्या हाती ते पडते त्यांनाही ते हवेसे वाटावे लागते.