७बर म्हणजे जुलै नव्हे

संगणकाच्या पडद्यावर एक पान उघडलंय. स्वित्झर्लंडमधल्या एका खेड्यातल्या चर्चची वही, सतराव्या शतकातली. शाई तपकिरी पडलेली, कोपऱ्यावर कुणाच्या तरी अंगठ्याचा डाग, आणि एका बाप्तिस्म्यापुढे महिना लिहिलाय तो असा: ७बर. सातचा आकडा आणि त्याला चिकटलेलं 'बर'. सातवा महिना, म्हणजे जुलै, असं वाचून मी मोकळाही झालो होतो.

चुकलो. मोठ्याने म्हणून बघा: सप्त-बर. अहो, सप्टेंबर! पुढे ८बर येतो तो ऑक्टोबर, ९बर तो नोव्हेंबर, आणि रोमन दहाची फुली मारून 'बर' लिहिलं की डिसेंबर. लॅटिनमधले सेप्टेम, ऑक्टो, नोव्हेम, डेसेम हे आपल्या सप्त, अष्ट, नव, दशचे चुलतभाऊ. रोमन लोकांचं जुनं वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं, म्हणून सप्टेंबर खरोखरच सातवा होता. वर्षाची सुरुवात सरकली, नावं जागच्या जागी राहिली. आल्प्सच्या कुशीतला पाद्री शाई वाचवायला म्हणून जो आकडा लिहितो, तो संस्कृत येणाऱ्या माणसाला चटकन कळावा, ही काय गंमत आहे!

पण त्याआधीचा प्रश्न असा, की ही वही आली कुठून? शेतकऱ्याचं पोर कधी जन्मलं याची नोंद ठेवण्याची गरज कुणाला पडली?

त्यासाठी १५२५च्या जानेवारीत झुरिकला जावं लागतं. झ्विंग्ली या धर्मसुधारकाने तिथे पोपची सत्ता झुगारली होती. पण त्याचेच काही चेले त्याच्याही पुढे गेले. तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देण्यात काय अर्थ, त्याला कुठे काय कळतं, असं म्हणून त्यांनी मोठ्या वयात एकमेकांना पुन्हा बाप्तिस्मा दिला. नगरपरिषदेचं माथं भडकलं. आता घरोघरी कोण बाळाला चर्चमध्ये आणत नाही, हे शोधायचं कसं? १५२६ मध्ये हुकूम निघाला: प्रत्येक पाद्र्याने प्रत्येक बाप्तिस्मा लिहून ठेवायचा. म्हणजे जो लिहिला गेला नाही, तो आपोआप उघडा पडेल. गैरहजर ओळखायला हजेरीपट! पुढच्याच जानेवारीत फेलिक्स मान्झ या बंडखोराला लिमाट नदीत बुडवून मारलं. पाण्याने पुन्हा बाप्तिस्मा देणाऱ्याला पाण्याचीच शिक्षा.

ज्या वह्यांवर आज लोक प्रेमाने आपला कुलवृत्तांत रचतात, त्यांच्या मुळाशी असा संशय आहे.

कॅथलिक मुलखात वेगळी काळजी होती. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने लग्नं आणि बाप्तिस्मे लिहून ठेवायला सांगितलं. चोरून होणारी लग्नं थांबवायची होती. शिवाय बाप्तिस्म्याच्या वेळी जे धर्मपिता आणि धर्ममाता होतात, त्यांच्याशी आध्यात्मिक नातं जुळतं आणि त्या नात्यात पुढे लग्न चालत नाही, असा नियम होता. ही नावं लिहून ठेवली नाहीत तर वीस वर्षांनी कुणाच्या लक्षात राहणार? आपल्याकडच्या सगोत्र-सपिंडाच्या चौकशीची आठवण झाली ना? हाच हुकूम पोर्तुगिजांबरोबर समुद्र ओलांडून गोव्यालाही आला. गोव्याच्या एखाद्या जुन्या चर्चवहीत आणि ल्युसर्नजवळच्या एखाद्या वहीत रकाने सारखे दिसतात, ते उगाच नाही.

आता आपल्या पानाकडे परत येऊ. अक्षर आहे कुरेंट वळणाचं. ते काय असतं, हे मोडी पाहिलेल्या माणसाला सांगायला नको: हात न उचलता पळत जाणारी रेघ. जर्मन येणारा आजचा माणूसही इथे अडखळतो. या लिपीतला 'ए' आजच्या 'एन'सारखा दिसतो, आणि 'एन' व 'यू' तर जुळी भावंडं. फरक एवढाच, की 'यू'च्या डोक्यावर एक बारीकशी कमान असते. पाद्री घाईत असला, की कमान गायब.

डोळा सरावला की एक एक नोंद उलगडू लागते. बाळ: हान्स. बापाचं नाव, मग आईचं, आणि आईचं आडनाव तिच्या माहेरचं! शेवटी 'इन' हा स्त्रीलिंगी प्रत्यय, म्हणजे हूबरांची लेक ती हूबरिन. चारशे वर्षांपूर्वीच्या खेडुत बाईचं माहेर सासरच्या चर्चवहीत नोंदलेलं आहे. आपल्याकडच्या किती वंशावळींत सुनांचं माहेर सोडा, नाव तरी सापडतं? मग दोन साक्षीदार, स्विस बोलीत ग्योटी आणि गोटं. वही प्रोटेस्टंट गावची, त्यामुळे इथे ट्रेंटची भानगड नसली, तरी शोधणाऱ्याला सोनं आहे ते इथेच. कारण गावात हान्स डझनभर, त्यांचे बाप हाइनरिख आणि याकोब, आया आना आणि बार्बारा. एका हान्सला दुसऱ्या हान्सपासून वेगळं काढायचं, तर त्याच्या ग्योटीवरूनच.

आणि समासात एक छोटी फुली. बाळ गेलं. दोन पानं पुढे तेच आईबाप, पुन्हा हान्स. पुन्हा फुली. आणखी पुढे तिसरा हान्स, त्याच्यापुढे काही नाही. तो जगला. आजोबांचं नाव घरात राहिलं पाहिजे, म्हणून तीनदा ठेवलेलं ते नाव. असं पान वाचताना मी तरी जरा थांबतो.

झुरिकच्या वरिष्ठ पाद्र्याने, ब्राइटिंगरने, तर १६३४ मध्ये कमालच केली. खेड्यापाड्यांतल्या पाद्र्यांना त्याने घरोघरची यादी करायला लावली. कोण कोण राहतं, वय काय, आणि पोरांना कोणकोणत्या प्रार्थना पाठ येतात! परीक्षकाचा हा खटाटोप आपल्या पथ्यावर पडला. आठ वर्षांच्या एका मुलीला बायबलमधल्या दहा आज्ञा येतात की अजून नुसती प्रार्थनाच, हे आपण आज वाचू शकतो. बर्नच्या मुलखात गावोगाव कोरगेरिख्ट नावाचं चर्चचं न्यायालय बसायचं. त्याच्या वह्यांत नाचल्याबद्दल दंड, पत्ते खेळल्याबद्दल दंड, प्रवचनाला दांडी मारल्याबद्दल दंड, आणि नवराबायकोच्या भांडणांची तर सविस्तर वर्णनं. लग्नाआधी बाळ राहिलं, तर बाईला प्रसूतीच्या कळा सुरू असताना बापाचं नाव विचारायची रीत होती. ही माहिती वंशशोधकाच्या हाताला लागते खरी, पण ती कशी काढली गेली हे कळल्यावर पुढची ओळ वाचवत नाही.

तारखांचा घोळ अजून संपलेला नाही. पोप ग्रेगरीने कॅलेंडर दुरुस्त केलं. स्वित्झर्लंडच्या बहुतेक कॅथलिक भागांनी ते १५८४ मध्ये घेतलं; प्रोटेस्टंट म्हणाले, पोपचं ऐकून सूर्यही खरा ठरायला नको. परिणाम असा, की शतकभराहून जास्त काळ डोंगराच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या गावात दहा दिवसांचा फरक. सकाळी निघालेली पाहुणी दुपारी दहा दिवस पुढे पोहोचायची, तेही पायी! झुरिक, बर्नने हार मानली तेव्हा १७००च्या ३१ डिसेंबरनंतर एकदम १७०१ची १२ जानेवारी उजाडली. त्या साली ५ जानेवारीचा बाप्तिस्मा झुरिकमध्ये शोधत बसाल, तर सापडणार नाही, कारण ५ जानेवारी झालीच नव्हती. आपेनत्सेलमधल्या उर्नेश गावात अजूनही १३ जानेवारीला जुन्या पंचांगाची वर्षअखेर साजरी होते. गळ्यात भल्यामोठ्या घंटा अडकवून, मुखवटे लावून, पुरुष घरोघर गात फिरतात.

मग एके दिवशी वहीतून एक कुटुंबच्या कुटुंब नाहीसं होतं. मृत्यूची नोंद नाही, लग्नाची नाही. गेलं कुठे?

बहुधा उत्तरेला. १६१८ ते १६४८ या तीस वर्षांच्या युद्धाने जर्मनीचा ऱ्हाइनकाठचा पॅलाटिनेट प्रांत ओस पडला होता. शेतं होती, कसायला माणूस नव्हता. स्वित्झर्लंडमध्ये उलट: माणसं होती, जमीन पुरत नव्हती. लोक निघाले. तिकडच्या पाद्र्यांनी नव्या माणसांच्या नावापुढे 'स्वित्झर्लंडचा', 'बर्नच्या मुलखातला' असं लिहून ठेवलं, आणि हे तीन शब्द मिळावेत म्हणून आज लोक रात्री जागवतात. कधी नुसतं नावच पुरतं. परक्या गावच्या वहीत 'रेगुला' दिसली, की जाणकार कान टवकारतो. फेलिक्स आणि रेगुला हे झुरिकचे रक्षक संत. मुलीचं नाव रेगुला ठेवणारं घर झुरिककडचं असण्याची शक्यता दांडगी.

आता एक खरी साखळी बघा. आरगाउमधलं ओबरकुल्म हे तेव्हा बर्नच्या ताब्यातलं गाव. तिथल्या हूबरांचं एक घर पॅलाटिनेटमध्ये एलरश्टाटला आलं. १७२३ मध्ये तिथे आंद्रेआस हूबर जन्मला. पंधराव्या वर्षी, १७३८ मध्ये, तो जहाजाने फिलाडेल्फियाला उतरला. इंग्रजी मुलखात हूबरचा हूवर झाला. पुढच्या पिढ्या क्वेकर झाल्या, म्हणजे बाप्तिस्मा मुळीच न देणाऱ्या पंथाच्या. आणि १८७४ मध्ये आयोवात त्याच घरात एक मुलगा जन्मला, हर्बर्ट हूवर, अमेरिकेचा एकतिसावा अध्यक्ष. बाप्तिस्मा न घेणाऱ्यांना पकडण्यासाठी ज्या मुलखात वह्या सुरू झाल्या, तिथून निघालेली ही रेघ.

अशा साखळ्या आज घरबसल्या जुळवता येतात. बर्नच्या पुराभिलेखागाराने आपल्या चर्चवह्यांची पानं इंटरनेटवर ठेवली आहेत. आणि जगभरच्या वह्यांच्या मायक्रोफिल्म अमेरिकेत, सॉल्ट लेक सिटीजवळच्या ग्रॅनाइटच्या डोंगरात खोदलेल्या तिजोरीत आहेत. त्या जमवल्या मॉर्मन पंथाने, कारण त्यांच्यात मेलेल्या पूर्वजांच्या वतीनेही बाप्तिस्मा घेता येतो. फिरून गाडी बाप्तिस्म्यावरच!

पण स्विस माणसाला शोधायचं, तर पहिला प्रश्न 'जन्म कुठला' हा नसतोच. त्याच्या पासपोर्टवर जन्मगाव नसतं. असतं हाइमाटऑर्ट, मूळ गाव. चार पिढ्या जिनिव्हात काढल्या तरी पासपोर्टवर एमेनटालमधलं ते खेडं, जे त्याने कदाचित पाहिलंही नसेल. हे गावावरच्या प्रेमापोटी असेल असं वाटतं, पण कारण रोकडं आहे. गरीब झालेल्याला पोसायची जबाबदारी त्याच्या मूळ गावावर असे, म्हणून आपला कोण आणि उपरा कोण, हे गावाला पैशापैशाने माहीत असायला हवं होतं. एकोणिसाव्या शतकात काही गावांनी तर गरिबांना अमेरिकेचं तिकीट काढून दिलं. जन्मभर पोसण्यापेक्षा ते स्वस्त पडे.

१८७६ पासून देशभर नोंदणी पाद्र्याकडून सरकारी कारकुनाकडे गेली, पण मूळ गावाची पकड सुटली नाही. विसाव्या शतकात ब्युनॉस आयर्समध्ये एखाद्या स्विस घरात बाळ जन्मलं, तर कागद वकिलातीतून प्रवास करत त्या डोंगरातल्या गावी पोहोचे आणि तिथल्या कुटुंबवहीत एक ओळ वाढे. बाळाचं नाव, बाप, आई, आईचं माहेर. सप्टेंबर मात्र आता अख्खा लिहिलेला.