अर्धांगवायूची पूर्वचिन्हे वेळीच ओळखा

'अंगावरून वारे गेले' असे ज्यास खेड्यापाड्यांत म्हणतात, तो अर्धांगवायू किंवा पक्षाघात होय. हा विकार हातापायांत दिसत असला तरी त्याचे मूळ मेंदूत असते. मेंदूस रक्त पुरविणारी वाहिनी गुठळीने बंद पडते अथवा फुटते. पाटाचे पाणी तुटले म्हणजे खाचरातील रोप सुकते. त्याप्रमाणे रक्ताअभावी मेंदूच्या पेशी मरू लागतात. मोठी वाहिनी बंद पडल्यास दर मिनिटास सुमारे १९ लाख पेशी नष्ट होतात, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

पुढीलपैकी एक जरी चिन्ह अकस्मात दिसले तरी ते पुरेसे समजावे :

(१) हसावयास सांगितले असता तोंड एका बाजूस वाकडे होणे.
(२) दोन्ही हात समोर उचलले असता एक हात खाली पडणे. एका बाजूचा हात किंवा पाय बधिर होणे.
(३) बोलणे अडखळणे किंवा साधे वाक्य न समजणे.
(४) एकाएकी दृष्टी जाणे, तोल जाणे किंवा असह्य डोकेदुखी होणे.

ही चिन्हे काही मिनिटांत नाहीशी झाली तरी निर्धास्त राहू नये. मोठ्या झटक्याची ती पूर्वसूचना असू शकते. त्याच दिवशी, विनाविलंब रुग्णालय गाठावे.

गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. तत्पूर्वी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. यास्तव चिन्हे केव्हा सुरू झाली ती वेळ लिहून ठेवावी. रोगी झोपेतून उठताच चिन्हे दिसल्यास, तो धडधाकट असल्याचे शेवटी केव्हा पाहिले ती वेळ सांगावी. उशीर झाला असला तरी रोग्यास नेण्याचे टाळू नये.

खेड तालुक्यातील कित्येक वाड्या सह्याद्रीच्या कुशीत, मुख्य रस्त्यापासून दूर वसल्या आहेत. पावसाळ्यात जगबुडीस पूर आला म्हणजे प्रवास अधिकच लांबतो. साडेचार तासांतील बराच वेळ वाटेतच खर्ची पडण्याचा संभव असतो. म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी सीटी स्कॅनची व इंजेक्शनची सोय जवळ कोठे आहे याची चौकशी कळंबणी येथील उपजिल्हा रुग्णालयात आधीच करून ठेवावी. वाडीतून रोग्यास रस्त्यापर्यंत कोण व कसे आणणार, हेही ठरवून ठेवावे. प्रसंग येताच १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा.

रुग्णवाहिका येईपर्यंत रोग्यास कुशीवर निजवावे. गिळण्याची शक्ती मंदावलेली असल्याने पाणी, चहा वा औषध तोंडाने देऊ नये. तेल चोळण्यात किंवा अंगारेधुपाऱ्यांत वेळ दवडू नये.

या विकाराचे प्रमुख कारण वाढलेला रक्तदाब हे होय. तीस वर्षांवरील प्रत्येकाने आरोग्य उपकेंद्रात रक्तदाब तपासून घ्यावा. मशेरी व विडी सोडावी. खारवलेली मासळी, लोणचे व पापड बेताने खावेत. सुरू झालेली रक्तदाबाची गोळी बरे वाटले म्हणून आपल्या मनाने बंद करू नये.